विश्लेषण : ‘चॅम्पियन’ झालेला कुत्रा लगेच वरच्या वर्गात का उतरवत नाहीत?

न्यूयॉर्कच्या ‘वेस्टमिन्स्टर’ श्वान प्रदर्शनात २०२५ साली मॉन्टी हा जायंट श्नाउझर सर्वोत्कृष्ट ठरला, तेव्हा तो पाच वर्षांचा होता. आदल्या वर्षी गट जिंकूनही अंतिम किताब हुकला होता. या खेळात वय महत्त्वाचे असते.

अमेरिकेत ‘चॅम्पियन’ होण्यासाठी १५ गुण लागतात. एका प्रदर्शनात जास्तीत जास्त ५ मिळतात. ३ वा अधिक गुणांचा विजय म्हणजे ‘मेजर’. असे दोन, वेगवेगळ्या परीक्षकांकडून, हवेतच. ही चढाओढ मुख्यतः किताब नसलेल्या कुत्र्यांमध्ये असते. त्यापुढे ‘बेस्ट ऑफ ब्रीड’मध्ये समोर जुने, मुरलेले चॅम्पियन.

ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातीचा नर दीड वर्षाच्या आत किताब मिळवू शकतो, पण त्याची छाती भरायला आणखी वर्ष-दोन वर्षे जातात. तोवर उतरवला तर प्रवेश शुल्क, प्रवास आणि हँडलरचे मानधन चालूच, शिवाय हरण्याची सवय. (‘लवकर उतरवा’ हा सल्ला दर प्रदर्शनामागे पैसे घेणाऱ्या हँडलरचा असेल तर जपून ऐकावा.) म्हणून अनेक मालक किताबानंतर कुत्रा काही काळ घरीच ठेवतात.

कुत्रा तयार आहे का, हे किताबाआधीही कळू शकते. खालच्या वर्गांतून निवडलेले विजेता नर आणि मादी त्याच दिवशी चॅम्पियनसमोरही उभे राहतात. तिथे एकदा-दोनदा चॅम्पियनवर मात झाली असेल, तर थांबण्याचे कारण उरत नाही. ब्रिटनमध्ये मात्र अशी आडोशाची वाट नाही. तिथे चॅम्पियनही ‘ओपन’ वर्गात असतात, त्यामुळे पहिल्या किताबासाठीच त्यांना हरवावे लागते.