खाटेचा विमा, गोळीचा खर्च

सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली तृतीयपंथीयांना आपली ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. 2019 च्या कायद्याच्या 15 व्या कलमाने संप्रेरक उपचारांची सोय व विमा ही शासनाची जबाबदारी ठरविली. 2022 मध्ये आयुष्मान भारतखाली वर्षाला 5 लाखांच्या संरक्षणाचा गाजावाजाही झाला. परंतु त्या योजनेची घडणच मुळी रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. संप्रेरके घेणाऱ्याला खाट नको असते. त्याला वर्षानुवर्षे औषध आणि वेळोवेळी रक्ततपासणी लागते.

सोलापुरात रोजच्या कमाईवर जगणाऱ्याने भाडे, ज्वारी आणि गोळी यांचा मेळ घालावा, हा काटकसरीचा उपदेश शुद्ध दांभिकपणा आहे. पैसा संपला की उपचार तुटतो, किंवा गर्भनिरोधक गोळ्यांचा मनमानी मारा सुरू होतो आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोका ओढवतो.

विडी कामगार स्त्रियांसाठी कल्याण निधी आला तो त्यांनी घरखर्च नीट मांडला म्हणून नव्हे, 1976 चा कायदा झाला म्हणून! तोच न्याय येथेही लागू आहे. शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात संप्रेरके व तपासण्या विनामूल्य आणि अखंड मिळाल्या पाहिजेत. कामगार संघटनांनी ही मागणी आपल्या मागणीपत्रात घालावी. कागदावरचा हक्क गरिबाच्या खिशावर सोपविणे म्हणजे तो नाकारणेच होय.