कॉनर बेडार्ड : मधली पायरी नसलेली वाटचाल

कॅनडाचा आईस हॉकीपटू कॉनर बेडार्ड याला २०२०-२१ च्या मोसमात, वयाच्या पंधराव्या वर्षीच, पश्चिम कॅनडातील कनिष्ठ लीगमध्ये नियमित खेळण्याची विशेष परवानगी देण्यात आली होती. रेजायना पॅट्स संघाकडून २०२२-२३ मध्ये त्याने ५७ सामन्यांत ७१ गोल केले. त्या पातळीवर त्याच्यासाठी शिकण्यासारखे फारसे उरले नव्हते. मात्र तत्कालीन करारानुसार अशा अल्पवयीन खेळाडूपुढे दोनच मार्ग होते: थेट एनएचएल, अथवा पुन्हा कनिष्ठ संघ. दुय्यम व्यावसायिक लीगचे दार त्याच्यासाठी बंद होते.

जून २०२३ मध्ये शिकागो ब्लॅकहॉक्सने त्याची सर्वप्रथम निवड केली. पहिल्या मोसमात जबड्याचे हाड मोडूनही त्याने ६८ सामन्यांत ६१ गुण (गोल व गोलसाहाय्य मिळून) मिळवले आणि सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक पटकावला. २०२४-२५ मध्ये ८२ सामन्यांत ६७ गुण झाले, म्हणजे सरासरी घसरली. या घसरणीचा दोष एकट्या बेडार्डला देणे न्याय्य ठरणार नाही. त्याला साथ देणारे अनुभवी आघाडीपटू संघात मोजकेच होते, आणि प्रतिस्पर्ध्यांचा सारा बंदोबस्त त्याच्याभोवतीच असे. दोन्ही मोसमांत ब्लॅकहॉक्स ३२ संघांत ३१ व्या स्थानी राहिले.