आधी चाचणी, मग रंग



'जलदाब चाचणीआधी वेल्ड रंगवले तरी बिघडत नाही' हे पत्र वाचले. एएसएमई बी ३१.३ या पाइपिंग संहितेत तशी मुभा आहे, हे खरे. संवेदनशील गळती-चाचणीला मात्र तीही नाही. आणि मुभा म्हणजे सक्ती नव्हे. संहितेनुसार डिझाइन दाबाच्या दीडपट दाब किमान १० मिनिटे ठेवतात. तेवढ्या वेळात सुईच्या टोकाएवढे छिद्र रंगाखाली दडून राहू शकते. पुढे चालू लाइन गळते, तेव्हा तिच्याजवळ गडचांदूर-आवारपूरच्या सिमेंट कारखान्यांतला आपलाच फिटर उभा असतो. गंजाची भीती असेल तर पाइप रंगवा, वेल्डचा पट्टा तेवढा उघडा ठेवा. चाचणीनंतर तारेच्या ब्रशने घासून तो रंगवा. ठेकेदारांनी एवढे करावेच.

– एक निवृत्त पाइप फिटर, कोरपना