ड्राय बाल्कनी ड्राय करायची तरी कशी?

आधीच कबूल करून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या भरवशावर सोडलेत. मग मराठीत कशाला लिहितेस, असं मैत्रिणी म्हणाल्या. कारण सोप्पं आहे. ज्या भांडणाबद्दल लिहायचंय ते मराठीत झालं. 'दमट', 'सर्द', 'कुबट', 'कोंदट' या चार वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आजीने त्या भांडणातच शिकवलं. मला सगळ्यांना मिळून एकच शब्द येत होता: डॅम्प!

तर झालं असं. गेल्या पावसाळ्यात ताई बाळंतपणासाठी आमच्याकडे पुण्याला आली. बाळ आलं ऐन जुलैत. आजीचा कायदा असा की डायपर फक्त डॉक्टरकडे जाताना, घरी सुती लंगोटच. म्हणजे रोज मशीनभर धुणं. आणि ते वाळायची जागा एकच, स्वयंपाकघराला लागून असलेली ड्राय बाल्कनी. चार फूट बाय आठ फूट. त्यातच वॉशिंग मशीन, गॅसचा सिलिंडर, भिंतीवर गॅस गीझर आणि भांडी घासायची मोरी. बिल्डरने तिला 'ड्राय' का म्हटलं असेल, देव जाणे! कबुतरं येतात म्हणून बाबांनी मागच्या वर्षी स्लायडिंगच्या काचा लावून ती पॅकबंद करून टाकलेली. पावसात तिथे कपडे तीन-तीन दिवस वाळेनात. लंगोटांना कुबट वास, कोपऱ्यात काळी बुरशी आणि आजीचा खोकला सुरू.

घरात मीटिंग भरली. बाबा म्हणाले, "दोन किलोवॉटचा रूम हीटर आणू." लीड्सला राहणाऱ्या आतेभावाने नवीन घराचे फोटो पाठवले होते. त्याच्या युटिलिटी रूममध्ये चक्क रेडिएटर आहे. आजी म्हणाली, "हीटर कसला? शेगडीत निखारे घाला, वर बांबूची टोपली उपडी घाला आणि त्यावर पसरा लंगोट. तुमच्या बापाचे असेच वाळवलेत मी." आई ओट्यापासून म्हणाली, "आधी त्या काचा सरकवा बघू." तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. "मेकॅनिकलला आहेस ना? सांग आता!"

आली का पंचाईत! सायक्रोमेट्रिक चार्ट मी व्हायवासाठी पाठ केला होता, घरासाठी नव्हे. पण बसले कागद घेऊन.

पाच किलो सुती कपडे स्पिन होऊन बाहेर येतात तेव्हा त्यांत साधारण तीन लिटर पाणी असतं. त्याची वाफ करायला लागणारी उष्णता लिटरमागे सुमारे 2,400 किलोज्यूल. म्हणजे झाली 7,200 किलोज्यूल, अर्थात दोन युनिट. ही किमान. भिंती, काचा, मशीन हेही तापणार, म्हणून चार-पाच युनिट धरा. दहा रुपये युनिटने रोजचे पन्नास आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांचे साडेचार हजार. बाबांना हे चालण्यासारखं होतं, नातवासाठी काय पैशांकडे बघायचं!

पण खरी मेख पुढे आहे. पुण्याच्या पावसाळी हवेत, म्हणजे 26 अंश आणि 85 टक्के आर्द्रता धरली तर, एका घनमीटरमध्ये सुमारे 21 ग्रॅम वाफ आधीच असते. ती हवा 36 अंशांपर्यंत तापवली की तिच्यात साधारण आणखी 21 ग्रॅम मावते. आमच्या बाल्कनीत हवा आहे जेमतेम आठ घनमीटर. म्हणजे मावणार किती? 170 ग्रॅम. पेलाभर! आणि वाळवायचंय तीन लिटर. काचा बंद ठेवून हीटर लावला तर पेलाभर पाणी उडाल्यावर हवा गच्च भरणार आणि बाकीचं पाणी थंड भिंतीवर जाऊन बसणार. बुरशीला आणखी काय हवं? तीन लिटर घालवायचे तर खोलीतली हवा किमान अठरा वेळा बदलायला हवी. म्हणजे शेवटी काच उघडावीच लागणार.

मग लीड्सला कसं जमतं? तिथे हिवाळ्यात बाहेर 5 अंश असतात. इतक्या थंड हवेत वाफ मावतेच मुळी सात ग्रॅमच्या आत. ती आत घेऊन 20 अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता आपोआप चाळीस टक्क्यांवर येते. शिवाय तिथे कडाक्याच्या थंडीत पाइप गोठून फुटायची भीती. आतेभावाचं काही चुकलेलं नाही. त्याचा प्रश्न थंडीचा, आपला प्रश्न दमटपणाचा. उत्तर मात्र आपण त्याचं कॉपी करायला निघालो होतो. (कॉपी करताना दुसऱ्या सेटचा पेपर घेतला की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको!)

आता हसणं बाजूला ठेवून एक मुद्दा. आमच्या त्याच बाल्कनीत सिलिंडर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. तिथेच लाल झालेली कॉइल ठेवायची आणि वर सुती कपडे लोंबकळत? शिवाय गॅस गीझर. बंद जागेत त्याला ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. म्हणजे हीटरचा विचार करायच्या आधीच, काचा बंद करून आम्ही केवढी मोठी चूक करून बसलो होतो! निखाऱ्यांचंही तेच. आजीच्या घराला कौलं होती, फटींतून धूर आणि वाफ दोन्ही निघून जायचे. आमच्या स्लॅबखाली शेगडी पेटवणं म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ. हे ऐकून आजी गप्प झाली, आणि आमची आजी सहसा गप्प होत नाही.

मग केलं काय? एका काचेच्या जागी चाळीस वॉटचा एक्झॉस्ट फॅन बसवला. दुसऱ्या टोकाची काच कायमची उघडी, कबुतरांसाठी तिला जाळी. पावसाळी हवा घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम पाणी उचलते, म्हणजे तीन हजार घनमीटर हवा फिरवायला हवी. ताशी पाचशे धरली तर कागदावर सहा तास, प्रत्यक्षात रात्रभर. खर्च अर्ध्या युनिटच्याही आत. शिवाय स्पिन दोनदा आणि दोन कपड्यांत चार बोटं अंतर. लंगोट सकाळपर्यंत वाळायला लागले. थोडे ओलसर राहिलेच तर वरून इस्त्री. माझी जीन्स मात्र झडीच्या आठवड्यात वाळली नाही ती नाहीच. तेवढं चालायचंच.

माझं मत विचाराल तर, घरातली कुठलीही खोली गरम करायच्या आधी एकच प्रश्न विचारावा: इथलं पाणी जाणार कुठे? उत्तर 'कुठेच नाही' असेल तर हीटर फक्त बिल वाढवतो. होस्टेलवाल्यांनो, खिडकी बंद करून खोलीभर टॉवेल टांगणाऱ्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे.

अडीच पानांचं ते गणित मी मोठ्या ऐटीत आईला दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटची ओळ वाचली आणि म्हणाली, "म्हणजे काचा सरकवा, हेच ना?"

वीस वर्षं त्या घरातलं धुणं तीच वाळत घालते आहे. मीटिंगमध्ये तिला मात्र कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.