चीक, बाळ आणि चार घरची कामं

गाईच्या चिकाचा खरवस आपण कौतुकानं खातो. बाईच्या चिकाचं काय होतं? कल्याण-डोंबिवलीतल्या वस्त्यांमध्ये बैठका घेताना अजूनही कानावर येतं, ‘पहिलं पिवळं दूध जड असतं, पिळून टाकलं, मध चाटवला.’ डॉक्टर ‘प्रतिकारशक्ती वाढते’ एवढं सांगून मोकळे होतात. त्या चिकात नेमकं काय असतं, ते आपण नीट समजून घेऊ.

प्रतिपिंड म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखा प्रथिनाचा रेणू. त्याचे दोन हात जंतूला धरतात. आईच्या रक्तातली आयजीजी जातीची प्रतिपिंडं वारेतून गर्भापर्यंत पोचतात. आयजीए जातीची दुधातून येतात, चिकात सर्वांत जास्त, आणि त्यांची घडण वेगळी असते. दोन वाय शेपटीला शेपटी लावून जोडलेले, मध्ये जे-साखळी नावाचं छोटं प्रथिन. म्हणजे हात चार. स्तनातल्या पेशी ही जोडी उचलून दुधात सोडतात, तेव्हा उचलणाऱ्या प्रथिनाचाच एक तुकडा तिला लपेटून राहतो. या वेष्टनामुळे पोटातले पाचकरस तिला सहजी तोडू शकत नाहीत. बाळाच्या आतड्याच्या ओल्या अस्तराला जंतू चिकटण्याआधीच ती त्यांना गुंडाळते. जंतू शीतून बाहेर पडतात, आतड्याला सूजही येत नाही.

आणखी एक. आईच्या आतड्यानं ओळखलेल्या जंतूंविरुद्धच्या पेशी प्रवास करत स्तनांत येतात. ती ज्या नळाचं पाणी पिते, ज्या संडासाच्या रांगेत उभी राहते, तिथल्या जंतूंवरचा उपाय तिच्या दुधात तयार असतो. डब्यातल्या पावडरीत हे कुठून येणार? अशा डब्यांच्या जाहिरातींवर 1992 च्या कायद्यानं बंदी आली, ते योग्यच झालं.

माझं भांडण इथून पुढे आहे. ‘आईचं दूध अमृत’ अशी पोस्टरं लावली की सगळी जबाबदारी बाईवर ढकलून व्यवस्था मोकळी. 2017 च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे झाली, 50 किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे कायम आहे. पण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करणारीला यातलं काय मिळतं? तिचे मालक चार, आणि त्यातला एकही ‘आस्थापना’ नाही. दीड महिन्यात ती कामावर. छाती दाटली की मोरीत दूध पिळायचं. बाळाला जुलाब लागले की वर तिलाच प्रश्न, ‘अंगावर पाजत नाहीस का गं?’

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली देशातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली. तापवून निर्जंतुक केल्यावर दुधातली काही प्रतिपिंडं जातात, बरीचशी टिकतात. म्हणजे काढलेलं दूध सांभाळता येतं हे इतकी वर्षं माहीत आहे. नाही ती जागा, फ्रीज आणि मधली सुट्टी.

मोठ्या संकुलाच्या फाटकातून रोज सकाळी पन्नासाहून कितीतरी जास्त बायका आत जातात. फाटकावर त्यांची पिशवी तपासायला, नोंद ठेवायला सोसायटी एक असते. मग पाळणाघरासाठीही तीच आस्थापना धरा. क्लबहाऊसला जागा निघतेच की.