हजेरी आणि ज्ञान

विद्यार्थ्याची विद्या तो बाकावर किती तास बसला यावरून मोजावी, की त्यास काय येते यावरून? या जुन्या प्रश्नाचे एक रोखठोक उत्तर अमेरिकेत १९६७ पासून दिले जात आहे. तेथील कॉलेज बोर्ड या संस्थेने त्या वर्षी सुरू केलेल्या ‘क्लेप’ परीक्षांचे आज चौतीस विषय आहेत. बीजगणित, अर्थशास्त्र, स्पॅनिश, काहीही घ्या. तो विषय उमेदवार वाचनालयात शिकला, पलटणीत की घरी, याची चौकशी कोणी करीत नाही. बहुतेक परीक्षा दीड तासाच्या. २० ते ८० या मापावर ५० गुण मिळाले की क्रेडिट द्यावे, अशी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची सर्वसाधारण शिफारस आहे. पदवीस सुमारे १२० क्रेडिटे लागतात आणि तेथील शिक्षणाचा खर्च भल्याभल्या कुटुंबांचे कंबरडे मोडतो, हे ध्यानी घेतले म्हणजे या परीक्षांचे मोल कळते.

अर्थात शिफारस म्हणजे आज्ञा नव्हे. कोणती परीक्षा मानावयाची हे ज्याचे त्याचे महाविद्यालय ठरविते, आणि नामांकितांपैकी कित्येक क्लेपला दारातही उभे करीत नाहीत. पर्यायांवर खुणा करून निबंध लिहिण्याची शक्ती वा प्रयोगशाळेतील हात तपासता येत नाही, हा आक्षेप आम्हांसही मान्य आहे. परंतु शेकडो विद्यार्थी कोंबलेल्या वर्गांच्या परीक्षाही पुष्कळदा याच धर्तीच्या असतात, त्याचे काय?

गंमत अशी की, १८५७ साली स्थापन झालेले आमचे मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर केवळ परीक्षा घेण्यासाठीच जन्मास आले. तरीही ‘टर्म भरणे’ हेच आमच्याकडे विद्यार्थिदशेचे मुख्य कर्तव्य होऊन बसले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिटे घेण्याची मुभा दिली खरी, पण तेथेही नाव नोंदवून ठरावीक गृहपाठ केल्यावाचून सुटका नाही. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने अनुभवातून आलेल्या ज्ञानाचाही उल्लेख केला आहे. तो कागदावरून वर्गात कधी उतरणार?

प्रयोगाचे विषय तूर्त बाजूस ठेवू. पण पेढीवर दहा वर्षे खतावणी लिहिलेला कारकून सायंमहाविद्यालयात जमाखर्चाचे पहिले धडे हजेरीपुरते ऐकत बसतो. त्याची परीक्षा पहिल्याच दिवशी घेण्यास नेमकी हरकत कोणती, हे विद्यापीठांनी एकदा स्पष्ट सांगावे.