शोधणाऱ्याच्या शब्दांत

यूट्यूबवर व्हिडिओला व्ह्यूज मिळणे आणि शोधात तो वरच्या ओळींत दिसणे, या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असल्या तरी एक नव्हेत. व्ह्यूज हा घडून गेलेल्या गोष्टीचा आकडा असतो. शोधातला क्रम हा पुढे काय घडेल याचा अंदाज असतो: हे शब्द टाइप करणाऱ्या माणसाला यांपैकी कोणत्या व्हिडिओत हवे ते सापडेल? हा फरक नजरेआड झाल्यामुळे या विषयात पुष्कळ चुकीचे सल्ले रूढ झाले आहेत. नव्याने चॅनेल सुरू करणाऱ्यांचे पैसे, वेळ आणि उमेद त्यात खर्ची पडते, म्हणून त्या सल्ल्यांची नीट झाडाझडती घेणे आवश्यक आहे.

खंडनमंडनाच्या रीतीप्रमाणे पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो असा: यूट्यूबच्या यंत्राला चित्र कळत नाही, शब्द कळतात, म्हणून टॅगमध्ये, डिस्क्रिप्शनमध्ये शक्य तितके शब्द भरावेत. यंत्र लोकप्रियता पाहते. म्हणून सुरुवातीचे काही हजार व्ह्यूज कसेही करून मिळवावेत, प्रसंगी विकत घ्यावेत. ठरावीक वेळी व्हिडिओ टाकला तर तो उचलला जातो. चालला नाही तर काढून पुन्हा टाकावा. आणि एवढे करूनही व्ह्यूज आले नाहीत तर चॅनेल ‘फ्रीझ’ झाले असे समजून नवे उघडावे.

हे मत निराधार जन्मले नाही. २००५ साली यूट्यूब सुरू झाले तेव्हापासून पहिली काही वर्षे क्लिक आणि व्ह्यूज यांनाच मोठे वजन होते. जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ आणखी दाखवला जाई. त्या काळात भडक थंबनेल आणि शब्दांची खोगीरभरती यांचा फायदा खरोखर होत असे. पण २०१२ मध्ये हा पाया बदलला. व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला, म्हणजे वॉच टाइमला, प्राधान्य मिळाले. शिफारशींची यंत्रणा सांभाळणारे क्रिस्तोस गुडरो यांनी २०२१ मध्ये लिहिल्याप्रमाणे, हा बदल केल्याबरोबर एकूण व्ह्यूज २० टक्क्यांनी घटले. तरीही कंपनीने तो मागे घेतला नाही. पुढे निव्वळ वेळही पुरेसा नाही असे दिसल्यावर प्रेक्षकांना व्हिडिओबद्दल थेट प्रश्न विचारून त्यांचे समाधानही मोजले जाऊ लागले. पूर्वपक्षाचे सल्ले आज ज्या यंत्रणेबद्दल दिले जातात, ती त्या रूपात केव्हाच अस्तित्वातून गेली आहे.

आता एकेक मुद्दा. टॅगच्या रकान्यात एकूण ५०० अक्षरे मावतात आणि तो काठोकाठ भरण्याची अनेकांना सवय असते. शोधात टॅगचा वाटा अगदी थोडा आहे, हे यूट्यूबच्या स्वतःच्या मदतपानावर स्पष्ट लिहिलेले आहे. विषयाचे नाव लोक चुकीचे लिहीत असतील तेवढ्यापुरते ते उपयोगी पडतात. मराठीत मात्र हा अपवाद मोलाचा आहे. थालीपीठ कुणी पहिली वेलांटी देऊन लिहितो, कुणी दुसरी. पुरणपोळी एका शब्दात शोधली जाते तशी दोन शब्दांतही. रोमन लिपीत टाइप करणाऱ्याला ‘ळ’ लिहायला अक्षरच नसते, तो ‘एल’वर भागवतो. अशी चार-सहा रूपे टॅगमध्ये ठेवली की टॅगचे काम संपले. नामांकित चॅनेलांची नावे टॅगमध्ये किंवा डिस्क्रिप्शनमध्ये घुसडणे हा तर दिशाभूल करणारा मजकूर ठरतो आणि त्यापायी व्हिडिओ काढूनही टाकला जाऊ शकतो.

प्रसारणाच्या वेळेचा दीर्घकालीन परिणाम होतो असे दिसलेले नाही, हेही यूट्यूबने सांगून ठेवले आहे. प्रीमियर, थेट प्रक्षेपण आणि ताजी बातमी यांना वेळ महत्त्वाची. भरल्या वांग्याच्या कृतीला नाही. व्हिडिओ काढून पुन्हा टाकला तर जमलेला वॉच टाइम आणि प्रतिक्रिया तेवढ्या जातात, हाती काही येत नाही. ‘फ्रीझ’ची कल्पना बहुधा यातून आली: पहिल्या काही व्हिडिओंना ओळखीच्या माणसांनी पाहिले, ती माणसे थांबली आणि आकडा थांबला. तिथे कुलूप कुणी लावलेले नसते. प्रेक्षक अजून यायचा असतो.

विकतच्या व्ह्यूजचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तिथे फसवणूक आहे. एकेकाळी नव्या व्हिडिओचा आकडा ३०१ वर अडकून राही, कारण त्यापुढचे व्ह्यूज खरे की खोटे याची पडताळणी चाले. २०१५ मध्ये आकडा गोठवण्याची ती पद्धत बंद झाली, पडताळणी बंद झाली नाही. खोटे व्ह्यूज आजही वजा होतात आणि कृत्रिम प्रतिसाद मिळवल्याबद्दल चॅनेलवर कारवाई होऊ शकते. पण पकडले गेले नाही तरी नुकसान ठरलेले असते. विकतचा प्रेक्षक काही सेकंदांत निघून जातो आणि ‘उघडला, पण पाहिला नाही’ एवढीच नोंद मागे ठेवतो. ‘तू मला सबस्क्राइब कर, मी तुला करतो’ या देवाणघेवाणीचेही तेच. लोणच्याच्या चॅनेलला ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्यांनी सबस्क्राइब केले, तर आकडा वाढतो आणि लोणचे पाहायला कुणीच येत नाही.

मॉनेटायझेशनसाठी घाई होते, म्हणून त्याचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तास सार्वजनिक वॉच टाइम लागतो. शॉर्ट्सच्या फीडमधला वेळ या तासांत धरला जात नाही. त्यांच्यासाठी ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूजची स्वतंत्र अट आहे. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. प्रेक्षक सरासरी दीड मिनिट थांबत असेल तर १,६०,००० व्ह्यूज लागतात. तोच सहा मिनिटे थांबत असेल तर ४०,००० पुरतात. उंबरठा तोच, पण वाट चौपटीने कमी होते, आणि ती कमी होते ती व्हिडिओच्या आतल्या कामाने.

आतापर्यंतच्या मुद्द्यांपेक्षा बळकट प्रतिपक्ष आहे तो चमचमीत थंबनेलचा. लोक क्लिक करतात, हे डोळ्यांसमोर दिसते. मग अतिशयोक्ती का करू नये? या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. थंबनेल आणि शीर्षक पाहूनच प्रेक्षक आत येतो. कुणी उघडलाच नाही तर उत्तम व्हिडिओही पडून राहतो. यूट्यूबच्या माहितीप्रमाणे निम्म्या चॅनेलांचे आणि व्हिडिओंचे क्लिकचे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते, म्हणजे शंभर वेळा समोर येऊन नव्वदहून अधिक वेळा दुर्लक्ष होणे हीच सर्वसाधारण स्थिती. तेव्हा थंबनेल ठसठशीत हवेच. प्रश्न खोट्या वचनाचा आहे. एकाच व्हिडिओसाठी तीन थंबनेल लावून पाहण्याची सोय यूट्यूबने दिली, तेव्हा विजेता ठरवायला निकष ठेवला तो क्लिकचा नव्हे, वॉच टाइमचा. भारतात तर डिसेंबर २०२४ मध्ये जाहीरच झाले की, विशेषतः ताज्या बातम्यांच्या बाबतीत, शीर्षकात एक आणि आत दुसरेच असणाऱ्या व्हिडिओंवर कारवाई होईल.

या खोट्या वचनाची किंमत कोण मोजतो, हे जवळून पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः करायची. मुदत जवळ आली की यूट्यूबवर तिचा शोध वाढणार हे उघड आहे. बांधावर उभा असलेला शेतकरी फोन डाव्या हातात धरून शोधतो. रेंज एकच कांडी. समोर एक व्हिडिओ येतो: ‘शेतकऱ्यांसाठी सर्वात मोठी खुशखबर!’ आत फिरते बोधचिन्ह, संगीत, नमस्कार मित्रांनो, सबस्क्राइब करा, बेल दाबा, मग योजनांचा इतिहास. पाऊण मिनिट गेले, पहिले बटण अजून दिसलेले नाही. दुसऱ्या व्हिडिओचे शीर्षक साधे: ‘ई-पीक पाहणी मोबाइलवर कशी करावी: गट क्रमांक, क्षेत्र, फोटो’. पहिल्याच वाक्यात ॲप उघडलेले दिसते. गाव निवडणे, खातेदाराचे नाव शोधणे, पीक आणि क्षेत्र भरणे, शेतात उभे राहून फोटो काढणे, असा क्रम चालतो, आणि बटण दाबताना बोट पडद्यावर क्षणभर थांबते, म्हणजे पाहणाऱ्याला गाठता येते. पहिला व्हिडिओ बंद होतो आणि तोच शोध पुन्हा केला जातो. दुसरा पाहून शोध संपतो. हजारो शेतकऱ्यांच्या अशा वागण्यातून दुसरा व्हिडिओ वर सरकत जातो. पहिल्याने एका कष्टकरी माणसाचा डेटा आणि दिवसाउजेडाचा वेळ घेतला, बदल्यात काही दिले नाही. हा अन्याय आहे, आणि व्ह्यूजच्या आकड्याने तो झाकता येत नाही.

दुसऱ्या टोकाचे मतही तपासले पाहिजे. अस्सल काम आपोआप पोहोचते, शीर्षकाबिर्षकाचा विचार करणे हलकेपणाचे आहे, असे काही गुणी माणसे मानतात. त्यांच्याबद्दल आदर राखूनही हे मत नाकारावे लागते. पुरणपोळीच्या नितांतसुंदर व्हिडिओला ‘आजीच्या हातची चव’ असे नाव दिले, तर होळीच्या आदल्या रात्री पुरण सैल झाले म्हणून घाबरलेल्या मुलीपर्यंत तो पोहोचणार कसा? ती ‘पुरण पातळ झाले तर काय करावे’ एवढेच शोधते. तिचे शब्द शीर्षकात असणे हा तिच्याशी केलेला सरळ व्यवहार आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे चॅनेल सत्तरीच्या आजींच्या घरगुती स्वयंपाकावर २०२० पर्यंत लाखो प्रेक्षकांपर्यंत गेले. चव अस्सल होती, आणि पदार्थ पाहणाऱ्याच्या रोजच्या ताटातले होते.

तेव्हा मंडनाचा मुद्दा असा की शोधात वर येण्याचा टिकाऊ उपाय म्हणजे शोधणाऱ्याचा प्रश्न त्याच्या शब्दांत ओळखणे आणि त्याचे उत्तर लवकर, पूर्ण देणे. शोधाचा क्रम ठरवताना शब्दांचा मेळ, त्या शोधातून आलेल्यांचा प्रतिसाद आणि त्या विषयातली विश्वासार्हता या गोष्टी पाहिल्या जातात. मेळ साधण्यासाठी शीर्षकाची मर्यादा १०० अक्षरांची असली तरी मोबाइलवर त्याचा पुढचा भागच दिसतो. म्हणून मुख्य शब्द आरंभी हवेत. देवनागरी शीर्षकासोबत विषयाचे रोमन रूप एकदा देणे योग्य, कारण पुष्कळ मराठी माणसे मराठीच शोधतात पण रोमनमध्ये टाइप करतात. बोलीभेदही ध्यानात घ्यावा. लाल भोपळ्याला कुठे डांगर म्हणतात, कुठे गंगाफळ. डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळींत ही नावे सरळ वाक्यात गुंफता येतात. स्वल्पविराम देऊन याद्या लावण्याची गरज राहत नाही.

हे शब्द अंदाजाने ठरवायचे नसतात. शोधाच्या चौकटीत पहिला शब्द लिहिताच खाली उमटणाऱ्या सूचना हे लोकांनी खरोखर विचारलेले प्रश्न असतात. यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये कोणत्या शब्दांनी प्रेक्षक आला याची यादी मिळते. कित्येकदा तिथे असा प्रश्न सापडतो ज्याचे उत्तर व्हिडिओत ओझरते आले आहे. तोच पुढच्या व्हिडिओचा विषय. शेजारीच रिटेन्शनचा, म्हणजे कोणत्या क्षणापर्यंत किती प्रेक्षक टिकले याचा, आलेख असतो. पहिल्या तीस सेकंदांत तो कड्यासारखा कोसळत असेल तर प्रास्ताविक कापावे. मधेच उंचवटा दिसला तर तिथे लोक मागे जाऊन पुन्हा पाहत आहेत. ती पायरी अवघड आहे किंवा घाईने दाखवली गेली आहे. दहा सल्लागारांपेक्षा हा आलेख अधिक प्रामाणिक आहे.

लांब व्हिडिओला प्रकरणे पाडणे हा सोपा आणि दुर्लक्षित उपाय. डिस्क्रिप्शनमध्ये ०:०० पासून किमान तीन टप्प्यांच्या वेळा लिहायच्या, प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. गूगलच्या शोधातही असे टप्पे दिसू शकतात, त्यामुळे पाहणारा थेट हव्या त्या पायरीवर उतरतो. त्याने एकूण वेळ घटेल ही भीती पुष्कळांना असते. पण हवे ते न सापडल्याने निघून जाणारा तर काहीच पाहत नाही.

शोध हे दारांपैकी एकच दार आहे, याचेही भान हवे. २०१८ च्या आरंभी यूट्यूबचे नील मोहन यांनी सांगितले की पाहण्याच्या एकूण वेळेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशींतून येतो. तरीही लहान, नव्या चॅनेलने शोधापासून सुरुवात करणे शहाणपणाचे, कारण तिथे प्रेक्षक स्वतःहून प्रश्न घेऊन येतो, त्याला अनोळखी चेहऱ्याचे वावडे नसते. एका प्रश्नाला लागून असलेल्या पाच-सात प्रश्नांचे व्हिडिओ केले, एकाच्या शेवटी पुढचा जोडला, की शोधातून आलेला प्रेक्षक दुसरा व्हिडिओ पाहतो आणि मग शिफारशीही सुरू होतात.

शॉर्ट्सच्या आकड्यांनी मात्र हुरळू नये. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, किमान वेळेची अट नाही. अंगठ्याने वर सारलेलाही त्यात येतो. उत्पन्नासाठी आणि पात्रतेसाठी खरोखर थांबून पाहिलेल्यांची गणती वेगळी ठेवली जाते, आणि ॲनालिटिक्समध्ये ती दिसते. क्रिएटरने पाहायची ती हीच.

शेवटचे काम देखभालीचे. ॲपची नवी आवृत्ती आली की बटणांच्या जागा बदलतात, आणि गेल्या खरिपातला अचूक व्हिडिओ या खरिपात चुकीची वाट दाखवतो. असा व्हिडिओ शोधात अजून वर असेल तर जबाबदारी वाढते: पहिल्या प्रतिक्रियेत आणि डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत बदल नोंदवावा, नवा व्हिडिओ करून त्याचा दुवा तिथेच द्यावा, आणि जुन्याच्या शीर्षकात वर्ष घालावे.